ठाणे ते कन्याकुमारी: चार मित्र, बारा दिवस आणि परतीची रेल्वे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही चौघं शाळेपासूनचे मित्र, तिघं ठाण्यात आणि एक ऐरोलीला. बाईक अशा: रॉयल एनफिल्डच्या दोन क्लासिक ३५० आणि एक हिमालयन ४११, आणि होंडाची एक युनिकॉर्न, चौघींत सगळ्यात लहान इंजिनाची. दिवाळीची सुट्टी जोडून बारा दिवस मिळतायत. ठरवलंय असं: ठाणे, बंगळूरु, उटी, मुन्नार, कन्याकुमारी, रामेश्वर, पुद्दुचेरी, पुन्हा बंगळूरु आणि घर. विचारलंय, एवढं जमेल का, आणि गाड्यांचं काय काय करून घ्यायचं.

जमेल. पण मजा येणार नाही, आणि आठव्या-नवव्या दिवशी चौघांपैकी दोघं एकमेकांशी बोलत नसतील. माझं ठाण्यात गॅरेज आहे आणि दर हिवाळ्यात एखादा ग्रुप घेऊन मी दक्षिणेत उतरतो. अशी यादी घेऊन येणारे पुष्कळ भेटतात. यादीतली ठिकाणं सगळी चांगली असतात, त्यामुळे खोडायला कोणाचा हात धजत नाही. म्हणून खोडायचं काम मी करतो.

तुमचा फेरा साधारण पावणेचार हजार किलोमीटरचा होतो. बारानं भागलं की रोजचे तीनशे-सव्वातीनशे येतात आणि सगळ्यांना वाटतं, एवढं काय, आपण महाबळेश्वरला जाऊन त्याच दिवशी परत येतो. आता नीट बघा. ठाणे ते बंगळूरु एका बाजूनं साडेनऊशे-हजार किलोमीटर. जाऊन-येऊन जवळपास दोन हजार, म्हणजे निम्म्याहून जास्त ट्रिप एकाच हायवेवर. त्यात चार दिवस जातात. उरलेल्या आठ दिवसांत निलगिरी, मुन्नार, कन्याकुमारी, रामेश्वर, पुद्दुचेरी कोंबायचं. ज्यासाठी निघालात ते घाट तुम्ही घड्याळ बघत चढणार आणि ट्रकांच्या मागचा हायवे दोनदा बघणार.

म्हणून पहिला बदल: जाताना बाईकनं जा, परत येताना बाईक रेल्वेनं पाठवा. तिरुवनंतपुरमहून कुर्ल्याला येणारी नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेनं येते आणि पनवेल, ठाणे दोन्हीकडे थांबते. तुम्ही तिच्यात झोपून या. पार्सलचं सगळं शेवटी सांगतो.

दुसरा बदल तारखेचा, आणि तो मला पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. दिवाळीत आपल्याकडे आभाळ मोकळं असतं, म्हणून तिकडेही असेल असं आपण धरून चालतो. तमिळनाडूचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. तुमची दिवाळी बरोबर त्यात सापडते. घाटात दरड, खाली पाणी, आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की तीन-तीन दिवस हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघायचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाचा मोसम. तेव्हा केरळात आणि तमिळनाडूच्या सीमेवर अय्यप्पा भक्तांच्या गाड्या रात्रंदिवस धावत असतात आणि त्यांचे ड्रायव्हर आपल्यापेक्षा जास्त दमलेले असतात. पुढे १४-१५ जानेवारीला पोंगल, त्या आठवड्यात अख्खा तमिळनाडू गावाला निघतो. हे सगळं टाळून निघायचं तर २० जानेवारीनंतर. उटीला पहाटे दव गोठतं एवढी थंडी असते, पण रस्ते कोरडे आणि आभाळ स्वच्छ. मुन्नारजवळच्या एरविकुलमला निलगिरी ताहर (डोंगरातले रानबोकड) बघायचे असतील तर जानेवारीतच उरका; पिल्लांचा मोसम म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये ते उद्यान बंद ठेवतात. २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या येत असतील तर ते दोन-तीन दिवस उटीत सापडू नका, बाकी कुठेही चालेल. बॉसला दिवाळीऐवजी जानेवारीत सुट्टी मागणं अवघड आहे हे कळतं. तरी मागा.

आता रस्ता. बंगळूरु पूर्ण काढून टाका. शहर पार करण्यात अर्धा दिवस जातो, आणि बंगळूरु-मैसूरु नव्या महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवर ऑगस्ट २०२३पासून दुचाकींना बंदी आहे, सर्व्हिस रोडनं जावं लागतं. त्यापेक्षा असं करा.

पहिला दिवस कोल्हापूर. पहाटे साडेचारला निघा. ऐरोलीच्या मित्राला ठाण्यात बोलावू नका, तुम्ही ठाणे-बेलापूर रोडनं जाताना त्याला वाटेत घ्या. कळंबोली सर्कल उजाडायच्या आत मागे टाकायचं. एक्स्प्रेसवेवर दुचाकी चालत नाही, तेव्हा पनवेल, खोपोली, शिंग्रोबाचा घाट, खंडाळा हा आपला जुना रस्ता. पुण्याचा बायपास ऑफिसची गर्दी सुरू होण्याआधी सुटला तर दिवस तुमचा, नाहीतर वाकड ते कात्रज पहिला गिअर आणि क्लच. तिथून पुढे साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत रुंदीकरणाच्या कामांमुळे जागोजाग डायव्हर्जन लागतात. घाई न करता दुपारी तीन-चारला कोल्हापुरात पोहोचता येतं.

दुसरा दिवस चित्रदुर्ग, चारशेच्या आसपास किलोमीटर. संपूर्ण ट्रिपमधला सगळ्यात लांब दिवस हाच. रस्ता चांगला आहे म्हणूनच तो इथे ठेवलाय. बेळगाव, हुबळी, मग दावणगेरे. तिथे बेण्णे दोसा, म्हणजे लोण्याचा डोसा, खायचा, त्याशिवाय पुढे जायचं नाही. चित्रदुर्गाचा किल्ला सात तटांचा, मुसळानं शत्रूचे सैनिक मारणाऱ्या ओनके ओबव्वाची खिंड तिथलीच. संध्याकाळी पाय ओढत वर चढण्यापेक्षा सकाळी दार उघडल्या उघडल्या तासभर बघून निघा.

तिसऱ्या दिवशी हिरियूरपर्यंत हायवे आणि तिथून उजवीकडे सुटा: हुळियार, के. बी. क्रॉस, नागमंगल, श्रीरंगपट्टण, मैसूरु. हा रस्ता फार कमी जणांना माहीत असतो. नारळाच्या बागा, तळी, गावाबाहेर रस्त्यावर वाळत घातलेलं धान्य. मोठी वाहनं कमी. तीन दिवसांत पहिल्यांदा बाईक चालवतोय असं वाटेल. मात्र गावागावात स्पीडब्रेकर आहेत आणि त्यांच्यावर रंग असेलच असं नाही.

चौथा दिवस उटी. अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर, आणि हा दिवस मुद्दाम लहान ठेवलाय. गुंडलुपेटच्या पुढे बंडीपूरचं जंगल सुरू होतं. ते रात्री ९ ते सकाळी ६ वाहनांना बंद असतं. दिवसा जा, मध्ये थांबू नका, फोटोसाठी तर नाहीच. हत्ती दिसला तर लांबच थांबून समोरच्या एसटीचा किंवा ट्रकचा ड्रायव्हर काय करतो ते बघा. त्याचा रोजचा रस्ता आहे, त्याच्या मागे जा. निलगिरीत शिरायला बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं मे २०२४पासून ही पद्धत आली. घरूनच काढून ठेवा, जंगलात मोबाइलला रेंज धड नसते. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या त्या जिल्ह्यात चालत नाहीत, चौघांनी स्टीलच्या घ्या.

तेप्पकाडूहून दोन वाटा फुटतात. सरळ गुडलूरचा मोठा रस्ता आणि डावीकडे मसिनगुडी-कल्हट्टीचा घाट. कल्हट्टीला ३६ हेअरपिन वळणं आहेत. बाहेरच्या गाड्यांना हा घाट फक्त चढता येतो, उतरायला बंदी आहे, आणि ती बंदी चढताना पटते. प्रत्येक वळणावर पाटी असते, १७/३६, १८/३६ अशी, म्हणजे किती झाली आणि किती राहिली ते समजत राहतं. चढ इतका उभा आहे की वळणाच्या आतल्या बाजूला मागच्या चाकाची जागा जवळजवळ जिन्याच्या पायरीसारखी वाटते. वळणाच्या आधीच पहिला गिअर टाका, वळणात क्लच दाबू नका. नजर पुढच्या चाकासमोर ठेवू नका, वळून रस्ता जिथे बाहेर पडतो तिथे न्या. मान पूर्ण फिरवावी लागते. समोरून बस येत असेल तर ती संपूर्ण रस्ता घेते. तुम्ही वळणाच्या खालीच थांबा, तिला उतरू द्या. नियमानं चढणाऱ्याचा हक्क आधीचा, पण तो हक्क बसच्या बंपरला दाखवायला जाऊ नका. युनिकॉर्नवर सामान कमीत कमी ठेवा, नाहीतर पंचविसाव्या वळणाला ती रडायला लागेल. तिच्या मालकाची बॅग हिमालयनवर बांधा.

पाचव्या दिवशी उटीत काही करू नका. कुन्नूरपर्यंत निलगिरीच्या छोट्या गाडीनं जाऊन या, कपडे धुवा, चेन साफ करा. हा मोकळा दिवस कापून तिथे आणखी एखादं ठिकाण घुसवायचा मोह होईल. अशा ट्रिपमध्ये भांडणं मला पाचव्या-सहाव्या दिवशीच होताना दिसतात. झोप पुरी झालेली नसते, पाठ धरलेली असते, आणि कोणीतरी 'तुझ्यामुळे उशीर झाला' म्हणतो.

सहावा दिवस मुन्नार, अडीचशे किलोमीटर. कुन्नूरऐवजी कोटगिरीनं उतरा, वर्दळ कमी आहे. दोन हजार दोनशे मीटरवरून खाली मेट्टुपालयमला, म्हणजे जवळपास समुद्रसपाटीच्या दिशेनं, एका दमात उतरायचंय. जेवढा गिअर चढायला लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, दुसरा फार तर तिसरा. ब्रेक दाबून धरायचा नाही, दाबायचा, सोडायचा. युनिकॉर्नच्या मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असेल तर तो तापला की पायाखाली मऊ होतो आणि जळका वास येतो. वास आला की बाजूला घेऊन पंधरा मिनिटं थांबा, पाणी ओतू नका. पुढे पोल्लाची, उदुमलपेट आणि चिन्नारचं अभयारण्य. हे जंगलही संध्याकाळी बंद होतं, दुपारी दोनच्या आत चेकपोस्टला पोहोचायचं. वाटेत मरयूरला उसाचा गूळ गरम गरम मिळतो, गोळ्याच्या आकाराचा. २०१९मध्ये त्याला जीआय टॅग मिळाला. घरच्यांसाठी घ्यायचा तर पिशवीवर दुसरी पिशवी घाला, इंजिनाच्या उष्णतेनं वितळतो.

सातवा दिवस मुन्नार. आठव्या दिवशी गॅप रोडनं, म्हणजे मुन्नारहून निघणाऱ्या घाटरस्त्यानं, बोडीमेट्टू उतरून थेनी आणि मदुराई. दीडशेच किलोमीटर, पण गॅप रोडवर डोळे चहाच्या मळ्यांकडे जातात. ज्याला बघायचंय त्यानं थांबून बघावं. चालत्या गाडीवरून निसर्ग बघणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये सगळ्यात मागे टाकतो. नववा दिवस मदुराईहून कन्याकुमारी, राष्ट्रीय महामार्ग ४४, सरळ. वल्लियूरच्या पुढे पवनचक्क्या दिसायला लागल्या की हँडल सैल पण सावध धरा. तिथे पश्चिम घाटाच्या खिंडीतून वारा घुसतो म्हणूनच त्या पवनचक्क्या लावल्यात. पावसाळ्यात तो बाईक एका लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये नेतो, जानेवारीत तेवढा नसतो. ट्रक ओव्हरटेक करताना मात्र त्याच्या आडोशातून बाहेर पडताच झटका बसतो. दहावा दिवस तिरुवनंतपुरम, नव्वद किलोमीटर, वाटेत पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा.

रामेश्वर आणि पुद्दुचेरी यात नाहीत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पुद्दुचेरी मी बिनदिक्कत काढलं. रामेश्वरचं वाईट वाटतं. १९६४च्या वादळानं उद्ध्वस्त केलेल्या धनुष्कोडीपर्यंत २०१७पासून पक्का रस्ता आहे आणि दोन्ही बाजूंना समुद्र घेऊन बाईक चालवणं हा प्रकार वेगळाच. फार जीव अडकला असेल तर मुन्नारचा मोकळा दिवस सोडा आणि मदुराईहून रामेश्वर, तिथून कन्याकुमारी करा. उटीचा दिवस सोडू नका. आणि खरं सांगू का, मराठी माणसानं तिकडे एक वेगळी फेरी काढायला हवी: जिंजी, वेल्लोर, तंजावर. राजाराम महाराजांनी जिथून राज्य चालवलं तो जिंजीचा किल्ला जुलै २०२५मध्ये आपल्या अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३चा भोसले घराण्याचा भला मोठा मराठी लेख कोरलेला आहे. ते बारा दिवसांत घाईघाईनं उरकायचं काम नाही. पुढच्या वर्षी जा.

आता ग्रुपचं. तुमच्या चौघांचा वेग म्हणजे युनिकॉर्नचा वेग, ताशी सत्तर-पंचाहत्तर. हे निघण्याआधी मोठ्यानं बोलून घ्या, कारण क्लासिकवाले दोघं पहिल्या दिवशी साताऱ्याच्या पुढे सुटणारच आणि मग एखाद्या धाब्यावर तुमची वाट बघत चहा पिऊन कंटाळणार. युनिकॉर्न दुसऱ्या नंबरवर ठेवा. पहिला रस्ता दाखवेल, शेवटचा सगळ्यात शांत डोक्याचा, आणि त्याच्याकडे टूलकिट. वळण असेल तिथे पुढच्यानं मागचा दिसेपर्यंत थांबायचं. एवढा एक नियम पाळला तर दिवसभर फोन लावावा लागत नाही. एकामागोमाग सरळ रेषेत चालवू नका, एक लेनच्या उजवीकडे, दुसरा डावीकडे, मध्ये दोन सेकंदांचं अंतर. घाटात हे मोडून एकेरी रांग.

पेट्रोल सगळ्यांनी एकदमच भरायचं, कोणाच्या टाकीत निम्मं असलं तरी. दर अडीचशे किलोमीटरला, आणि जंगलाच्या आधी हमखास: गुंडलुपेटला आणि उदुमलपेटला.

दुपारी केळीच्या पानावरचं पोटभर जेवण नको. भात, सांबार, रसम, पुन्हा भात, आणि अडीच वाजता हायवेवर डोळे मिटतात. अकराला डोसा, दोनला लिंबूपाणी आणि केळी, पानावरचं जेवण रात्री. बिअर गाडीची चावी खोलीत ठेवल्यानंतर आणि एवढीच की सकाळी सहाला उठता येईल. संध्याकाळी पाचनंतर बाईक चालवायची नाही. खोलीत कोण घोरतं तेही आधीच माहीत असेल, त्याला वेगळी खोली द्या.

पैशांचं एकच सांगतो: निघण्याआधी प्रत्येकी ठरावीक काँट्री एकाच्या खात्यात जमा करा. पेट्रोल ज्याचं त्यानं. राहणं, खाणं, पंक्चर, मेकॅनिक काँट्रीतून. कोणाची गाडी बिघडली तरी खर्च काँट्रीतून, हे मुद्दाम. नाहीतर ज्याची गाडी बिघडते तो उरलेली ट्रिप अपराध्यासारखा गप्प बसतो.

गाड्यांचं काम निघायच्या आदल्या दिवशी करू नका. दोन आठवडे आधी सर्व्हिसिंग करून एखादा रविवार माळशेजला जाऊन या. नवीन पार्ट बसवला की त्याचं दुखणं पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये समजतं. चेन-स्प्रॉकेट अर्ध्याहून जास्त झिजलं असेल तर बदलाच. क्लच आणि ॲक्सिलरेटरची नवी केबल जुन्या केबलच्या शेजारीच टेपनं बांधून ठेवा. तुटली तर दोन्ही टोकं बदलायची, टाकी उघडायची गरज नाही, रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत गाडी चालू. तारांच्या चाकांच्या क्लासिकला ट्यूब असते, पुढची-मागची एकेक ट्यूब बरोबर घ्या. पंक्चरवाला सगळीकडे मिळतो, तुमच्या मापाची ट्यूब मिळेलच असं नाही. फ्यूज, प्लग, चेनचा स्प्रे. स्पेअर चावी स्वतःच्या बॅगेत ठेवायची नाही, दुसऱ्याच्या खिशात द्यायची. मोबाइल हँडलला लावायचा तर जुना लावा, इंजिनाच्या थरथरण्यानं चांगल्या फोनचे कॅमेरे बिघडतात. आवाज करणारे सायलेन्सर काढा. केरळात २०२३पासून हेल्मेटसाठी कॅमेरेही लागलेत आणि चलन थेट घरी येतं.

सामान बॅगेत भरण्याआधी कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरा. बॅगेवरचं रेनकव्हर वाऱ्यानं उडतं, आतली पिशवी उडत नाही.

राहिलं पार्सल. तिकीट काढून त्याच गाडीत 'लगेज' म्हणून बाईक टाकता येते, भाडं जास्त पडतं. तिकिटाशिवाय 'पार्सल' म्हणून टाकली तर स्वस्त, पण कोणत्या गाडीत जागा मिळेल ते सांगता येत नाही. दोन्हीसाठी आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पार्सल ऑफिसला पोहोचा, म्हणूनच दहावा दिवस छोटा ठेवलाय. तिथे बाहेर पॅकिंगवाले असतात. पोतं, पुठ्ठा, सुतळी लावून बांधतात. भाव आधी ठरवा, चार गाड्यांचा एकत्र. आरसे आणि मोबाइल होल्डर स्वतः काढून बॅगेत ठेवा, ते तुटतातच. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, तेव्हा कन्याकुमारीनंतर जेमतेम पुरेल एवढंच पेट्रोल भरा, नाहीतर ते तिथेच कोणालातरी देऊन यावं लागतं. पुठ्ठ्यावर नाव, फोन, कुठून-कुठे हे मार्करनं दोन्ही बाजूंना लिहा. बुकिंग ठाण्यापर्यंत करू नका. ठाण्याला गाडी जेवढी थांबते तेवढ्यात चार बाईक उतरत नाहीत. कुर्ला टर्मिनसपर्यंत करा, शेवटचं स्टेशन आहे, निवांत उतरवतात. तुम्ही ठाण्याला न उतरता गाड्यांबरोबर कुर्ल्यालाच उतरा, कारण सामान ठरलेल्या वेळेत उचललं नाही तर तासावर दंड चालू होतो. आणि पंपापर्यंत गाडी ढकलत न्यावी लागते, तेवढी ताकद शिल्लक ठेवा.